पार्सिपनीतून डिझाइनचा प्रोजेक्ट: कुठे जायचं, काय लागतं, किती पडतं

ग्राफिक डिझाइनच्या वर्गात काम साधारण असं मिळतं: एक वास्तू किंवा वास्तुकार निवडा, त्याच काळातले एक-दोन कलाकार घ्या, अभ्यास करा आणि त्यातून पोस्टर, पुस्तिका किंवा छोटा अंक तयार करा. मग घरात धावपळ सुरू होते. शनिवारी सगळं कुटुंब गाडीत बसून न्यूयॉर्कला, चार तिकिटं, पार्किंग, कुठल्याशा वेबसाइटचं सात दिवसांचं ‘मोफत’ सदस्यत्व आणि शेवटच्या रात्री घाईची छपाई. दोन-तीनशे डॉलर सहज जातात आणि हाती येतात मोबाइलवर काढलेले तिरके फोटो.

हेच काम नीट आखलं तर एका विद्यार्थ्याचा आणि सोबतच्या एका पालकाचा म्युझियमच्या तिकिटांचा खर्च शंभर डॉलरच्या आत बसतो. प्रवास आणि छपाई वेगळी. खाली दिलेले दर जाण्याच्या आदल्या दिवशी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. तिकिटं आणि टोल वरचेवर बदलतात.

विषय निवडतानाच खर्च ठरतो

मुलं विषय निवडतात तो नाव ऐकलेलं असतं म्हणून. तुम्ही त्यांना तीन प्रश्न विचारा. ही वास्तू किंवा चित्रं प्रत्यक्ष बघता येतील का? त्यांच्या प्रतिमा कायद्याने मोफत वापरता येतील का? त्यावरचं लेखन पैसे न देता वाचता येईल का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच विषय पक्का करा. एखादा हयात किंवा अलीकडचा नामवंत चित्रकार घेतला की दुसऱ्या प्रश्नालाच गाडी अडते.

पार्सिपनीकरांसाठी तिन्ही उत्तरं ‘हो’ असलेला विषय गावाच्या हद्दीतच आहे: गुस्ताव स्टिकली आणि त्यांचं क्राफ्ट्समन फार्म्स. इथली अनेक मराठी कुटुंबं रूट १० वरून रोज त्याच्या शेजारून जातात आणि आत मात्र कधी वळत नाहीत.

पहिलं काम: लायब्ररीचं कार्ड

खर्च शून्य. पार्सिपनी-ट्रॉय हिल्स टाउनशिपच्या रहिवाशांना कार्ड मोफत मिळतं. मुख्य लायब्ररी हॅल्सी रोडवर आहे, शाखा लेक हायवाथा आणि माउंट टेबरला. सोबत फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या. लायसन्सवर जुना पत्ता असेल तर भाडेकरार किंवा वीज-गॅसचं बिल जवळ ठेवा. मूल अठराच्या आतलं असेल तर स्वतः सोबत जा, म्हणजे सहीसाठी दुसरा हेलपाटा पडणार नाही.

या एका कार्डावर बरंच काही मिळतं. मॉरिस काउंटी आणि आसपासच्या लायब्रऱ्यांचं ‘मेन’ नावाचं जाळं आहे. पार्सिपनीत नसलेलं पुस्तक दुसऱ्या गावातून इथल्या काउंटरवर मागवता येतं. त्याही पलीकडचं हवं असेल तर ‘जर्सीकॅट’मधून राज्यातल्या इतर लायब्रऱ्यांकडे मागणी जाते. याला वेळ लागतो, दोन आठवडे धरून चला. लेखांसाठी ‘जर्सीक्लिक्स’ हे राज्याचं पोर्टल आहे, तिथले डेटाबेस कार्ड नंबरावर घरबसल्या उघडतात. जेस्टोर या अभ्यासलेखांच्या ऑनलाइन संग्रहात वैयक्तिक खातं काढलं की महिन्याला १०० लेख मोफत वाचता येतात. शाळेच्या प्रोजेक्टला ते पुरून उरतात. लेख दिसतोय पण ‘३९ डॉलर भरा’ असं कुठे आलं तर क्रेडिट कार्ड बाहेर काढण्याआधी लायब्ररियनला विचारा. बहुतेक वेळा तो लेख कुठल्या तरी दाराने फुकट मिळतो.

दोन गोष्टी सांभाळा. कलेची पुस्तकं महाग असतात. हरवलं तर किंमत तुमच्या खात्यावर पडते, म्हणून असं पुस्तक शाळेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. आणि काउंटरवर म्युझियम पासची चौकशी जरूर करा. बऱ्याच लायब्रऱ्या पुस्तकासारखे पासही देतात. शनिवार-रविवारचे पास आधी संपतात, तेव्हा लवकर नोंदवा.

क्राफ्ट्समन फार्म्स: इथे वेळ द्या

पत्ता २३५२, रूट १० वेस्ट. टपालाचा पत्ता मॉरिस प्लेन्सचा असला तरी जागा पार्सिपनीची आहे. रूट १० च्या पश्चिमेकडे जाणाऱ्या बाजूने मॅनर लेनवर वळायचं. उलट बाजूने येत असाल तर पुढे जाऊन वळसा घ्यावा लागतो. टूरची वेळ ठरलेली असते, म्हणून दहा मिनिटं जास्त हाताशी ठेवा. आवारात फिरायला तिकीट नाही. घर आतून बघायचं तर मार्गदर्शकासोबतची टूर घ्यावी लागते, तिचं तिकीट आणि वेळ आधी ऑनलाइन नोंदवा. आठवड्याचे सगळे दिवस टूर नसते. सरळ जाऊन धडकलात तर घराच्या भिंती बाहेरून बघून परत याल.

प्रोजेक्टसाठी लागणारा मजकूर थोडक्यात असा. स्टिकली (१८५८–१९४२) हे फर्निचर बनवणारे. ऑक्टोबर १९०१ मध्ये त्यांनी ‘द क्राफ्ट्समन’ हे मासिक सुरू केलं. पहिला अंक विल्यम मॉरिसवर, दुसरा जॉन रस्किनवर. दोन्हींचं लेखन आयरीन सार्जंट या प्राध्यापिकेचं. १९०८ पासून स्टिकलींनी इथे जमीन घ्यायला सुरुवात केली. शेती आणि हस्तकला शिकवणारी मुलांची शाळा काढायचा बेत होता. शाळा झाली नाही. शाळेच्या बेतात सभागृह म्हणून योजलेलं लॉग हाऊस १९११ मध्ये त्यांच्या कुटुंबाचं राहतं घर झालं. १९१५ मध्ये दिवाळं निघालं, १९१६ च्या अखेरीस मासिक बंद पडलं, १९१७ मध्ये मालमत्ता विकली गेली.

आता टूरमध्ये काय बघायचं. खालच्या मजल्याच्या भिंती याच जमिनीवरच्या चेस्टनटच्या ओंडक्यांच्या आहेत. दिवाणखाना सुमारे ५० फूट लांब, दोन्ही टोकांना दगडी शेकोट्या, त्यांच्यावर तांब्याचे हुड आणि हुडांवर ठोकून काढलेली अक्षरं. मुलांना तिथेच थांबवा. धातूत ठोकलेल्या अक्षराला बारीक रेषा परवडत नाही, कोपरे गोलावतात, दोन अक्षरांमधलं अंतर वाढतं. पोस्टरचं शीर्षक कसं रचायचं याचं उत्तर त्या हुडावर आहे. दुसरी गोष्ट स्टिकलींची मुद्रा: सुताराचा कंपास, त्याच्या आत ‘आल्स इक कान’ हे फ्लेमिश बोधवाक्य आणि खाली सही. फर्निचरवरची ही मुद्रा आणि मासिकातला तिचा वापर शेजारी ठेवला की विद्यार्थ्याला ‘ब्रँड’चं शंभर वर्षांपूर्वीचं उदाहरण मिळतं. वर्गात याहून चांगला मुद्दा मांडता येणार नाही.

वास्तू आणि कलाकार यांची सांगड हवी असेल तर हार्वे एलिस हे नाव लिहून ठेवा. वास्तुकार आणि चित्रकार दोन्ही. १९०३ मध्ये ते स्टिकलींकडे आले, घरांची रेखाटनं केली, फर्निचरवरची नाजूक जडावाची नक्षी आखली आणि जानेवारी १९०४ मध्ये वारले. काम काही महिन्यांचंच, पण मासिकाच्या पानांवर ते स्पष्ट ओळखू येतं.

आणि ही पानं मोफत आहेत. ‘द क्राफ्ट्समन’चे १९०१ ते १९१६ चे अंक विस्कॉन्सिन विद्यापीठाने स्कॅन करून आपल्या डिजिटल संग्रहात खुले ठेवले आहेत. घरांचे नकाशे, जाहिराती, सजावटीची अक्षरं, सगळं. टूरला जाण्याआधी दोन-तीन अंक चाळून जा. मार्गदर्शकाला विचारायला प्रश्न आपोआप सुचतात. आत फोटो काढायचे असतील तर नियम आधी विचारा. विद्यार्थी प्रकल्प आहे आणि अमुक गोष्टींचे फोटो हवेत, असा ईमेल आठवडाभर आधी पाठवा.

मॉरिसटाउन आणि माउंट टेबर

गाडीने जवळ, खर्च थोडा. मॉरिसटाउनचं मॅकक्युलक हॉल हे म्युझियम व्यंगचित्रकार थॉमस नॅस्ट यांच्या मोठ्या संग्रहासाठी ओळखलं जातं. रिपब्लिकन पक्षाचा हत्ती आणि आज दिसतो तो गुबगुबीत सांताक्लॉज ज्यांच्या रेघेने रूढ केला ते हेच, आणि ते मॉरिसटाउनलाच राहायचे. लाकडी ठशांच्या छपाईतली रेघ शिकायला यासारखी जागा जवळपास नाही. म्युझियम आठवड्यातले मोजकेच दिवस, तेही दुपारचं उघडं असतं; वेळ बघूनच निघा. तिथून जवळ साउथ स्ट्रीटवर मॉरिसटाउनच्या लायब्ररीत नॉर्थ जर्सी हिस्टरी अँड जिनिऑलॉजी सेंटर आहे. जुन्या घरांचे फोटो, नकाशे, स्थानिक इतिहास. बसून बघायला पैसे नाहीत. मूळ कागद हाताळताना पेन चालत नाही, पेन्सिल लागते.

माउंट टेबर पार्सिपनीतच आहे. १८६९ मध्ये मेथडिस्ट पंथाच्या उन्हाळी मेळाव्यांसाठी वसलेली ही वस्ती. तंबूंच्या जागी हळूहळू लाकडी कातरकामाची छोटी घरं उभी राहिली. खर्च शून्य. रस्त्यावरून फोटो काढा, पण ही लोकांची राहती घरं आहेत, ओसरीवर चढू नका.

न्यूयॉर्क: एकदाच जा, रेल्वेने जा

मेट्रोपॉलिटन म्युझियमचं प्रौढांचं तिकीट ३० डॉलर, ज्येष्ठांचं २२, विद्यार्थ्यांचं १७. पण न्यू जर्सीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने १७ भरायचे नाहीत. न्यूयॉर्क राज्याचे रहिवासी आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेटिकटचे विद्यार्थी यांना ‘परवडेल ते द्या’ ही सोय आहे. एक डॉलर दिला तरी पूर्ण प्रवेश. त्यासाठी शाळेचं चालू वर्षाचं ओळखपत्र दाखवावं लागतं.  घाईत ऑनलाइन १७ चं तिकीट काढणारी कुटुंबं या सोयीला मुकतात. ही सवलत न्यू जर्सीच्या रहिवाशांना नाही, विद्यार्थ्यांना आहे; पालकाचे ३० जातातच. म्हणून दोघंच जा. बारा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. बुधवारी मेट बंद, शुक्रवारी आणि शनिवारी रात्री ९ पर्यंत उघडं.

आत गेल्यावर भटकू नका. अमेरिकन विंगमध्ये फ्रँक लॉइड राइट यांनी मिनेसोटात बांधलेल्या एका घराचा अख्खा दिवाणखाना उभा आहे, १९१२ ते १४ मधला. तुम्ही बघितलेलं लॉग हाऊस १९११ चं. तोच काळ, तीच लाकडाची ओढ, आणि खोली मात्र संपूर्ण वेगळी. तुलनेचं पान इथेच तयार झालं. तिथे रेखाटन करायला परवानगी आहे, फक्त पेन्सिलने. फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाही. मोठी पाठपिशवी घरी ठेवा.

मोमाचा, म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा, सापळा ओळखून ठेवा. शुक्रवार संध्याकाळचा मोफत प्रवेश फक्त न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशांना आहे. पार्सिपनीच्या पत्त्यावर तो मिळत नाही आणि दारात पालकाला ३० डॉलर भरावे लागतात. सोळा वर्षांपर्यंत मुलांना मोफत. सतरा पूर्ण झाली की विद्यार्थ्याचे १७. मोमा खरोखर गरजेचं असेल तरच जा. त्याऐवजी ९१व्या रस्त्यावरचं कूपर ह्यूइट हे स्मिथसोनियनचं डिझाइन म्युझियम बघा; अठराच्या आतल्यांना तिकीट नाही, आणि ग्राफिक डिझाइनच्या विद्यार्थ्याला ते जास्त उपयोगाचं.

पूर्ण फुकट जागा हवी असेल तर ४२व्या रस्त्यावरची न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी. तिथे ‘पिक्चर कलेक्शन’ आहे: १९१५ पासून पुस्तकांतून, मासिकांतून कापून विषयवार फाइलींत लावलेल्या दहा लाखांहून जास्त प्रतिमा. खुर्च्या, दारं, टाइपफेस, पूल, कापड, जे हवं ते काढून बघा. बघायला कार्ड लागत नाही. घरी न्यायला लागतं, आणि ते न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या, शिकणाऱ्या किंवा काम करणाऱ्यांना मिळतं. तुम्ही तिथेच फोनवर फोटो काढा. प्रत्येक फोटोसोबत मागच्या बाजूला लिहिलेल्या स्रोताचाही फोटो काढा. स्रोत नसलेली प्रतिमा नंतर वापरता येत नाही.

प्रवासाचं गणित. मॉरिस प्लेन्सहून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी. तिकीट अॅपवर किंवा मशीनवर काढा. गाडीत काढलं तर वर ५ डॉलर जादा. शनिवार-रविवारी अकरा वर्षांपर्यंतची दोन मुलं मोठ्यांसोबत मोफत जातात. पेन स्टेशनवरून सबवे ३ डॉलर. मेटसाठी सी लाइनने ८१व्या रस्त्यावर उतरून सेंट्रल पार्क ओलांडा, पार्कमधून चालणं होतं.

गाडी नेणारच असाल तर खर्च आधी कागदावर मांडा. बोगद्याचा किंवा पुलाचा टोल न्यूयॉर्कला जाताना लागतो, येताना नाही. ई-झेडपास नसेल तर टपालाने येणारं बिल बरंच मोठं असतं. ६०व्या रस्त्याच्या दक्षिणेला गेलात की दिवसा आणखी ९ डॉलर गर्दीशुल्क. मेट, गुगनहाइम आणि कूपर ह्यूइट ही म्युझियम्स या हद्दीच्या उत्तरेला आहेत, पण लिंकन टनेलमधून गेलात तर तुम्ही हद्दीतच बाहेर पडता. जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजने वरून गेलात तर गर्दीशुल्क वाचतं, टोल वाचत नाही. पार्किंगच्या पाटीवरचा आकडा हा शेवटचा आकडा नसतो. मॅनहॅटनमध्ये त्यावर १८.३७५ टक्के कर बसतो, आणि तुमची एसयूव्ही किंवा मिनीव्हॅन असेल तर ‘ओव्हरसाइज’ म्हणून वेगळा आकार. गाडी किल्लीसह सोपवण्याआधी एकूण रक्कम तोंडी विचारून घ्या.

विषय मराठी हवा असेल तर

मूल म्हणालं, मला आपल्याकडचं काही करायचंय, तर अडवू नका. शिक्षकांनाही नवं काही बघायला मिळतं. पण निवड जपून करा.

सर्वांत सोयीचे म. वि. धुरंधर (१८६७–१९४४), जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी आणि पुढे तिथलेच शिक्षक. एस. एम. एडवर्ड्स यांचं ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) आणि ऑटो रॉथफेल्ड यांचं ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या दोन इंग्रजी पुस्तकांत त्यांची चित्रं आहेत. दोन्ही इंटरनेटवर मोफत, दोन्ही अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त. मुंबईच्या गल्लीतली माणसं, पेहराव, दुकानं. पोस्टरला याहून काय हवं. वास्तूची जोड द्यायची तर मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती आहेत, २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत. आर्ट डेको मुंबई या न्यासाच्या संकेतस्थळावर इमारतवार माहिती मोफत वाचता येते.

आधुनिक वास्तुकार हवा तर अच्युत कानविंदे (१९१६–२००२). सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे, जे.जे.त शिकले, मग हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली. आयआयटी कानपूर त्यांचं काम. २०२२ मध्ये मोमाने दक्षिण आशियातल्या स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेवर मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात तेही होते. मोमाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रदर्शनांची पानं टिकून असतात. ती वाचायला तिकीट लागत नाही.

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) हे नाव हटकून पुढे येतं, कारण २०१४-१५ मध्ये गुगनहाइममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं होतं. अभ्यासाला उत्तम. पण चित्रांचे हक्क खुले नाहीत, म्हणून पोस्टरवर चित्र छापू नका, स्वतःची मांडणी करा. त्यांची आणि त्यांच्या पिढीची मूळ चित्रं फुकट बघायची एक वाट आहे. मार्चमध्ये एशिया वीकच्या सुमारास न्यूयॉर्कच्या लिलावगृहांत दक्षिण आशियाई कलेचे लिलाव होतात, आणि लिलावाआधी काही दिवस चित्रं सर्वांना बघायला मांडतात. क्रिस्टीज रॉकफेलर सेंटरला आहे. तिकीट नाही, खरेदीची सक्ती नाही, संकोच करू नका. त्यांचे कॅटलॉगही ऑनलाइन मोफत असतात; चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं आणि कुठे छापलं गेलं याची नोंद त्यात असते. मराठीतल्या कलालेखनाचा माग काढायला हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हची ऑनलाइन सूची बघा. दक्षिण आशियातल्या तेरा भाषांमधलं कलालेखन तिच्यात नोंदलेलं आहे, मराठीही.

जुनं म्हणजे मोफत नव्हे

इथे सर्वाधिक चुका होतात. अमेरिकेत जुन्या प्रकाशित साहित्याला प्रकाशनापासून ९५ वर्षं धरून चाला. १ जानेवारी २०२६ ला १९३० सालचं साहित्य खुलं झालं. दर जानेवारीला एक वर्ष पुढे. भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आजीच्या कपाटातल्या दिवाळी अंकावरचं दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ कितीही जुनं वाटलं तरी दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे भारतात २०३१ संपेपर्यंत हक्क आहे आणि अमेरिकेत प्रकाशनापासून मोजल्यावर त्याहून लांब. वर्गात दाखवण्यापुरता अभ्यासासाठीचा मर्यादित वापर कायद्याला सहसा चालतो. तेच पान स्पर्धेला पाठवलं, पोर्टफोलिओच्या साइटवर टाकलं किंवा टी-शर्टवर छापून विकलं की प्रश्न बदलतो. शंका असेल तर त्या शैलीचा अभ्यास करून स्वतः चित्र काढा.

इमारतींचं सोपं आहे. सार्वजनिक जागेतून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो तुम्ही स्वतः काढलात तर तो अमेरिकेत बिनधास्त वापरा. दुसऱ्याने काढलेला फोटो मात्र त्या छायाचित्रकाराचा, इमारत कितीही जुनी असो.

मोफत आणि निर्धोक प्रतिमांचे दोन मोठे साठे. मेटने २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींच्या लाखो प्रतिमा खुल्या केल्या आहेत. पानावर ‘ओपन ॲक्सेस’ची खूण बघा आणि मोठी फाइल उतरवा. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे आहे, १९३३ पासून केलेली इमारतींची मोजमापं, आराखडे, छायाचित्रं. आराखडा छपाईला पुरेशा मोठ्या फाइलीत मिळतो. हीच चित्रं काही स्टॉक-फोटो साइट्स पैसे घेऊन विकतात. पैसे भरण्याआधी कलाकृतीचं नाव घालून या दोन ठिकाणी शोधा. आणि ‘सात दिवस मोफत’ला क्रेडिट कार्ड देऊच नका, आठव्या दिवशी वर्षभराची वर्गणी सुरू होते.

प्रत्येक प्रतिमेखाली कलाकार, कलाकृती, वर्ष आणि ती कुणाच्या संग्रहात आहे, एवढं पहिल्या दिवसापासून लिहा. एआयने दिलेली संदर्भयादी तपासल्याशिवाय वापरू नका. त्यात नसलेली पुस्तकं असतात आणि शिक्षक ती शोधून बघतात.

सॉफ्टवेअर, फाँट, छपाई

अडोबी घेण्याआधी शाळेला विचारा. अनेक शाळा परवाना देतात. स्वतः घेतलं तर दरमहा पैसे जातात म्हणून करार महिन्याचा असतो असं नाही. वर्षाचा करार दरमहा फेडण्याची योजना असते; चौदा दिवसांनंतर मध्येच सोडलं तर उरलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम कापली जाते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४ मध्ये याच शुल्कावरून कंपनीवर दावा केला. विद्यार्थी दरही पहिल्या वर्षापुरता कमी असतो. एका प्रोजेक्टसाठी इंकस्केप, गिम्प आणि स्क्रायबस पुरेत, तिन्ही मोफत.

देवनागरी फाँटला पैसे देऊ नका. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू, तसंच टिरो देवनागरी मराठी, हे गुगल फाँट्सवर मोफत आहेत आणि छापायलाही परवानगी आहे. टिरोमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत. पुष्कळ फाँट आपोआप हिंदी वळण देतात. आजी-आजोबांना ते लगेच खटकेल, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ निवडा. इनडिझाइन वापरत असाल तर ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ चालू करा, नाहीतर वेलांट्या चुकीच्या जागी बसतात आणि ते छापून आल्यावर कळतं.

अमेरिकेत ए-फोर नाही. फाइल सुरुवातीलाच साडेआठ बाय अकरा किंवा अकरा बाय सतरा इंचाची करा, कडेने एक अष्टमांश इंच ब्लीड ठेवा. मधोमध पिना मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत हवीत. दुकानात दर विचारताना पाच गोष्टी एकदम विचारा: कागद, दोन्ही बाजूंची छपाई, कटिंग, फोम बोर्डवर चिकटवणं आणि त्याच दिवशी हवं असल्याचा जादा आकार. वर ६.६२५ टक्के विक्रीकर. आधी एकच प्रत काढून बघा. पडद्यावरचा चकचकीत केशरी कागदावर मातकट येतो.

चार आठवडे हातात असतील तर पहिल्यात कार्ड, विषय आणि ईमेल, दुसऱ्यात लॉग हाऊस, तिसऱ्यात मेट, आणि चौथ्याच्या सोमवारी छपाई. गुरुवारी नाही.

इतकी बचत सांगितल्यावर एक ठिकाण मात्र वेगळं ठेवा. क्राफ्ट्समन फार्म्सच्या जागेवर घरांची वसाहत उठणार होती. पार्सिपनी टाउनशिपने १९८९ मध्ये ती ताब्यात घेतली म्हणून लॉग हाऊस आज उभं आहे, १९९० पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून. म्युझियम ना-नफा संस्था चालवते. तिथलं तिकीट सवलत न शोधता पूर्ण भरा.